अनुभव धागा: आपण सांभाळलेलं आणि दुसऱ्याच्या घरी धाडलेलं जनावर

जाईजुई

काल माळा आवरताना निळ्या पुठ्ठ्याची वही हाताला लागली. २०१२ ते २०१७ आम्ही चार-पाच जणी दर रविवारी पुण्याबाहेरच्या एका शेल्टरला जायचो, तेव्हाची. पिंजरे धुणं, औषधं देणं, दत्तक घ्यायला आलेल्यांशी बोलणं, सगळं त्यात लिहायचो. एक पान असं आहे:

"पिंजरा ४. मादी, काळी, अंदाजे ३ वर्षं. मागचा डावा पाय नाही. नसबंदी झाली. स्वभाव गरीब. कोणी आलं नाही."

त्याखाली दर रविवारची तारीख आणि पुढे तेच, कोणी आलं नाही. सोळा वेळा. अक्षर कधी माझं, कधी मैत्रिणीचं. खाली बसूनच राहिले मी. गॅसवर दूध उतू गेलं.

लोक पिल्लू मागतात, त्यातही नर मागतात आणि रंग पांढरा किंवा तपकिरी हवा असतो. काळी, मोठी, मादी, त्यात तीन पायांची म्हटल्यावर लोक पिंजऱ्यासमोरून सरळ पुढे जायचे. तीही उठायची नाही. आधी उठायची, शेपूट हलवायची. पुढे पुढे नुसती मान वर करायची.

सतराव्या रविवारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक आजोबा आणि आजी पिल्लू बघायला आले. आजोबा पिंजऱ्याशी टेकले तशी ही खुरडत आली आणि जाळीखालून नाक काढून त्यांच्या चपलेवर ठेवलं. आजोबा बराच वेळ हलले नाहीत. मग आजींना म्हणाले, "अगं, हिला जिने चढवणार नाहीत, पण आपण तळमजल्यावरच आहोत की." बास. रिक्षात आजींच्या पायाशी बसून गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही आणि मला त्याचंच बरं वाटलं.

दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा. २०२१ मध्ये दिवाळी नसताना आला. म्हणाले, "बाई गेली." घरी तिला बाईच म्हणायचे.

ज्यांनी ज्यांनी जनावर उचललंय, बरं केलंय, दुसऱ्याच्या हाती दिलंय, त्यांनी इथे लिहा ना. कुत्रा, मांजर, गाय, काहीही. लहान लिहा, मोठं लिहा.

मीरा_ठाणे

सोळा वेळा. लोकलमध्ये आहे, शेजारची बाई विचारतेय काय झालं म्हणून.

रानभूल

माझी मांजरं. २०१८ चा जून, बंद दुकानाच्या शटरखाली चार पिल्लं, डोळे न उघडलेली. आई दोन दिवस आली नाही. पहिल्यांदा मी सगळे करतात तेच केलं, गाईचं दूध पाजलं. जुलाब लागले आणि एक त्याच रात्री गेलं. डॉक्टरांनी मांजरांच्या पिल्लांची दूध पावडर दिली, दर दोन-तीन तासांनी ड्रॉपरने, पोटावर पालथं धरून. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेला कापूस शेपटीखाली हलकेच फिरवायचा, नाहीतर त्यांना शी-शू होतच नाही. आई चाटून करते ते काम आपलं. ऊब म्हणून गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून सोनपापडीच्या खोक्यात ठेवायचे.

दोन जगली. एक नाशिकला दिलं, एक बहिणीकडे. नाशिकच्या घराला मी देण्याआधी बाल्कनीला जाळी बसवायला लावली. सहाव्या मजल्यावर मांजर पक्ष्यामागे उडी मारतं हो, कितीही शहाणं असलं तरी. कुकर झाला, येते परत.

सदू_पंचगंगा

२०१९ चा पूर. कोल्हापूरजवळच्या आमच्या प्रयाग चिखलीत पाणी असं आलं की माणसं काढायलाच वेळ पुरंना, जनावरांचं कोण बघणार. आम्ही सातजण होतो तालमीतले, एक लाकडी नाव. माणसं खाली उतरवून झाली की परत जाऊन जनावरं बघायचो. एका घराच्या पायरीला कुत्रं साखळीनं बांधलेलं. मालक गडबडीत निघाला, साखळी सोडायची राहिली. पाणी त्याच्या गळ्याला आलेलं, तोंड वर करून उभं होतं, भुंकायचंही बंद झालेलं. साखळीचा हूक पाण्याखाली, गंजलेला. दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ त्यानं माझ्या दंडावर हनुवटी टेकलेली, ती अजून जाणवते बघा.

मालक चार दिवसांनी छावणीत भेटला, रडला, घेऊन गेला. सगळ्यांना हात जोडून सांगतो, पाणी वाढाय लागलं की पहिल्यांदा दावी आणि साखळ्या सोडा. जनावर पोहतंय, बांधलेलं बुडतंय.

मीरा_ठाणे

@सदू दादा, तेव्हा टीव्हीवर गच्चीवर म्हशी दाखवत होते. त्या वर कशा चढवल्या?

सदू_पंचगंगा

जिन्यानं ताई. म्हस चढती. उतरवताना घाम फुटतो, पायरी दिसत नाही तिला. गोणपाटं टाकून, पुढं पेंड दाखवत, मागनं दोघांनी शेपूट धरून. एका म्हशीला सव्वा तास.

निशिगंध७

सव्वा तास 😄 आमच्या आजोळची म्हैस आठवली, तिला गोठ्याची उंबरठ्याएवढी पायरीही नको असायची. खरवस मात्र काय व्हायचा तिच्या चिकाचा! हल्ली डेअरीतला आणते पण ती चव नाही. विषयांतर झालं, चालू द्या.

अबोली_के

मला लिहायचं नव्हतं खरं तर. २०१६ मध्ये आईविना सहा पिल्लं आणली, मोकळ्या प्लॉटवरून. पाचव्या दिवशी एकाने खाणं सोडलं, मग उलटी, मग रक्ताचे जुलाब. तो वास ज्याने घेतलाय त्याला दारातूनच कळतं, पार्वो, कुत्र्याच्या पिल्लांना होणारा विषाणूचा आजार. आठवडाभर सलाईन, रात्री मी आणि नवरा आळीपाळीने जागायचो. पाच गेली, एक राहिलं.

ते वाचलेलं पिल्लू एका शिक्षिकेकडे दिलंय, मजेत आहे. पण पुढच्याच महिन्यात मी दुसरं पिल्लू आणणार होते, डॉक्टरांनी थांबवलं. हा विषाणू जमिनीत, पोत्यात, चपलांना महिनोन्‌महिने राहतो. फिनाईलने जात नाही. पाणी घातलेल्या ब्लीचने फरशी धुवायची, धुता येत नाही ते जाळायचं. आता कुणी पिल्लू मागायला आलं की मी आधी विचारते, घरात अलीकडे कुठलं पिल्लू गेलंय का? लोकांना प्रश्न विचित्र वाटतो. आणि सहा-आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग वेळेवर पुढचे डोस, तोवर रस्त्यावर उतरवायचं नाही.

जाईजुई

अबोली, जवळ असतीस तर हात धरला असता. पाच गेली त्यात तुझी काही चूक नव्हती गं.

अबोली_के

कळतं ताई. तरी ते निळं प्लास्टिकचं घमेलं अजून टाकलेलं नाही.

प्रशांत_डोंबिवली

एक वेगळं बोलतो, राग मानू नका. माझ्या मुलीला सात वर्षांची असताना सोसायटीच्या गेटवर कुत्रा चावला. पोटरीला दोन दात. पाच इंजेक्शनं. ती अजून कुत्रा दिसला की माझ्या मागे लपते. तुम्ही सगळे चांगलं काम करता, पण आमच्यासारख्यांचंही ऐकलं जावं असं वाटतं.

जाईजुई

प्रशांतदादा, राग कसला. उलट तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. कशी आहे ती आता?

कदमकाका

प्रशांतराव, चावल्यावर धुतलं होतं का? हे सगळ्यांसाठी सांगतो. साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही. मग लगेच दवाखाना. एकदा रेबीजची लक्षणं दिसली की जवळपास कोणीच वाचत नाही, म्हणून एकही डोस चुकवायचा नाही.

आमच्या गल्लीत पूर्वी बारा कुत्री होती, दर सहा महिन्यांनी पिल्लं. रात्री कुणी घराबाहेर पडायला धजायचं नाही. आम्ही सगळ्यांची नसबंदी आणि लस करून घेतली. कानाला जी खाच दिसते ना, ती झाल्याची खूण. त्याच गल्लीत परत सोडली, कारण जागा रिकामी केली की दुसरीकडची येतात. चार पिल्लांना घरं मिळाली. आता सात आहेत, सगळी म्हातारी, दुकानाच्या सावलीत पडलेली असतात. माणसांची भीती आणि कुत्र्यांचा त्रास दोन्ही यानेच कमी होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

प्रशांत_डोंबिवली

धुतलं होतं काका, शेजारच्या नर्सताईंनी धुतलं. खाचेचं मला माहीत नव्हतं. मला वाटायचं भांडणात कान तुटतो.

शुभा_श्टुटगार्ट

आमची झुमरी पुण्याची, औंधच्या रस्त्यावरची. नवऱ्याची जर्मनीला बदली ठरली तेव्हा सगळे म्हणाले दुसरीकडे द्या. दिली नाही. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्ताची टायटर टेस्ट (लशीने रक्तात पुरेशी प्रतिकारशक्ती आलीय का ते बघतात), ती किमान ०.५ यावी लागते, आणि रक्त घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबायचं. मी आधी आले, ती आईकडे राहिली. आई आयुष्यभर म्हणत आली, कुत्रं घरात नको, पूजेत येतं. चार महिन्यांनी विमानतळावर आईच जास्त रडली. आता व्हिडिओ कॉलवर माझी चौकशी नंतर, आधी विचारते, "झुमरीनं खाल्लं का?"

बर्फात पहिल्या दिवशी पाय उचलून उभीच राहिली होती बिचारी.

रानभूल

परत आले. शुभा, आईंना नमस्कार 😄 आमच्या सासूबाईही दत्ताच्या फोटोकडे बोट दाखवल्यावर गप्प झाल्या, चार कुत्री आहेत की तिथे!

वऱ्हाडी_पाखरू

आमच्या इकडे यवतमाळला शेल्टर-बिल्टर काही नव्हतं तेव्हा. घरचं अंगण हेच शेल्टर. एक गावठी कुत्रा आला, मानेच्या मागे भोक, मूठ जाईल एवढं, आत अळ्या. वास असा की माय दूर पळाली. टर्पेंटाईनच्या तेलाचा बोळा भोकाच्या तोंडाशी धरला, आतून अळ्या वर येऊ लागल्या. चिमट्यानं एकेक काढली. मोजता मोजता शंभराच्या वर गेल्यावर मोजणं सोडलं. मग जखम धुऊन पावडर. रोज, अठरा दिवस. पहिल्या दिवशी तोंडाला पट्टी बांधावी लागली, चौथ्या दिवशी स्वतः येऊन मान खाली घालून उभा राहू लागला.

त्याला शेताच्या राखणीला एका भाऊंनी नेलं. बैलाच्या पाठीला पाठ लावून झोपतो म्हणे.

गोंयकार

आमच्या किनाऱ्यावर सीझनमध्ये कुत्र्यांना पर्यटकांचं भरपूर मिळतं. पावसाळ्यात शॅक उतरले की तीच कुत्री वाळूत उपाशी. दर जूनला आम्ही तिघे मित्र भात-मासे शिजवून नेतो. २०१४ पासून मिशन रेबीजवाल्यांनी गोव्यात लस द्यायला सुरुवात केली, त्यांच्याबरोबर जाळी घेऊन पळालोय मी. कुत्रा पकडायचा, लस, अंगावर रंगाची खूण, सोडायचा. तेव्हा रंगवलेली एक पिवळसर कुत्री माझ्या मागेमागे घरी आली. देणार होतो कुणालातरी. दिली नाही.

मीरा_ठाणे

गोंयकार, मासे काट्यांसकट?

गोंयकार

नाही नाही, तारल्या उकडून, हाताने काटे काढून. कांदा-लसूण कधीच नाही, कुत्र्यांना बाधतं. मीठही नाही.

कदमकाका

थोडा इतिहास. मुंबईत १८३२ मध्ये इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला बक्षीस लावलं, शिपाई घरात शिरून पाळलेलीही ओढू लागले. पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, फोर्टात दंगल झाली, बाजार बंद. दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरचा पांजरापोळ उभा केला. तेव्हा पोरांनो, हे काम आपल्याकडे जुनं आहे.

आणि २६/११ ला काम केलेली मुंबई पोलिसांची मॅक्स, सीझर, टायगर, सुलतान ही चार कुत्री. निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर एकत्र राहिली. २०१६ या एकाच वर्षात चौघंही गेली, सीझर शेवटी. सीएसटीवर बॉम्ब शोधला होता त्याने. मी पेपरातलं कात्रण ठेवलंय.

निशिगंध७

काका, कात्रणाचा फोटो टाका ना.

देवयानी_क

घरच्यांनी सोडून दिलेल्या जनावरांबद्दल कुणीच लिहिलं नाही. माझ्याकडे लॅब्रॅडॉर आला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, सहा वर्षांचा. "आता बाळ होणार आहे" म्हणून गेटला बांधून गेले, चिठ्ठीसुद्धा नाही. पट्ट्यावर नुसतं 'ब्रूनो'. आठ दिवस तो गेटकडे तोंड करून बसला. प्रत्येक पांढरी गाडी आली की उभा राहायचा. मी दत्तकाच्या फॉर्मवर तेव्हापासून एक ओळ वाढवलीय: घरात बाळ आलं तर काय करणार? उत्तर देताना जो थांबतो, त्याच्याशी मी आणखी तासभर बोलते.

मीरा_ठाणे

मग ब्रूनो?

देवयानी_क

माझ्याकडेच. शेवटपर्यंत. माझं बाळ त्याला धरून उभं राहायला शिकलं.

प्रशांत_डोंबिवली

सगळं वाचलं. मुलगी शेजारी बसून वाचत होती. तिनं विचारलंय, भुंकत नाही असा कुत्रा कुणाकडे आहे का, नुसता बघायला.

जाईजुई

आहे दादा. आमच्याकडे सध्या एक आहे, नऊ वर्षांचा, एका डोळ्याने दिसत नाही, आवाज बसलेला. तिला जवळ जायची घाई करू नका, ती लांब बसली तरी चालेल. तो स्वतः येतो. रविवारी अकरा वाजता या, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. आणि बघता बघता न्यावासा वाटला तरी त्या दिवशी देणार नाही हं, आधी तुमचं घर बघायला येऊ. सोसायटीचं आणि घरातल्या सगळ्यांचं काय म्हणणं आहे तेही विचारून ठेवा.