सल्ला हवा: समेच्या आधी गाणे न कापणारे संगीतविषयक माहितीपट आणि चित्रपट

नौपाडकर

नमस्कार. माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे आणि ऐकू कमी येऊ लागल्यामुळे गेल्या दोन वर्षांत त्यांचे मैफिलींना जाणे जवळपास बंद झाले आहे. एके काळी ठाणे महापालिकेच्या पं. राम मराठे संगीत समारोहाचा एकही दिवस ते चुकवत नसत, आणि तरुणपणी सात-आठ वर्षे तबला शिकलेले असल्यामुळे गाणे ऐकताना त्यांचा हात मांडीवर ताल धरूनच असतो. म्हणून आम्ही घरी दर रविवारी रात्री आठ वाजता दूरचित्रवाणीवर संगीताशी संबंधित काहीतरी एकत्र पाहायचे असे ठरवले. सोबत माझी सतरा वर्षांची मुलगीही बसते, परंतु तिची आवड पूर्णपणे पाश्चात्त्य संगीताची आहे.

‘बालगंधर्व’, ‘कट्यार काळजात घुसली’ आणि ‘मी वसंतराव’ हे तिन्ही चित्रपट पाहून झाले. अडचण माहितीपटांपाशी येते. गायक तालाचा एक फेरा, म्हणजे आवर्तन, भरून मुखड्याकडे (बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीकडे) निघालेला असतो आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येणार तेवढ्यात पुस्तकांच्या कपाटासमोर बसलेले कोणीतरी पडद्यावर येऊन ते किती थोर कलावंत होते हे सांगू लागते. बाबांचा हात हवेतच राहतो. मागच्या रविवारी त्यांनी रिमोट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “याला गाणं ऐकवायचंच नव्हतं, तर याने पुस्तक लिहायचं होतं.”

गाणे निदान काही मिनिटे सलग चालू देणारे माहितीपट किंवा चित्रपट कृपया सुचवावेत. भाषेची अट नाही.

पळस्पेफाटा

आपल्या वडिलांची तक्रार माझ्याही मनातली आहे, आणि तिला माझ्याकडे एकच उत्तर आहे: मणी कौल यांचा १९८२ सालचा ‘ध्रुपद’, त्याच नावाच्या जुन्या, संथ गायनशैलीवरचा. फिल्म्स डिव्हिजनने काढलेला हा माहितीपट जेमतेम सव्वा तासाचा आहे आणि त्यात उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा व त्यांचे धाकटे बंधू उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांचे गायन आहे. कौल स्वतः झिया मोहिउद्दीन यांच्याकडे ध्रुपद शिकले होते, आणि ते कॅमेऱ्याच्या चालीवरूनच कळते. आलाप, म्हणजे तालाशिवाय केलेला रागाचा संथ विस्तार, जसा एका स्वराभोवती रेंगाळून मगच पुढच्या स्वराकडे सरकतो, तसाच कॅमेरा जुन्या वास्तूंच्या भिंतींवरून आणि कमानींमधून सरकत राहतो. त्याला कुठेही पोहोचण्याची घाई नसते. शेवटी हाच कॅमेरा मुंबईच्या वस्तीवरून कितीतरी वेळ फिरत राहतो. प्रथम पाहिला तेव्हा या दृश्याचा ध्रुपदाशी काय संबंध असे मला वाटले होते. दुसऱ्यांदा पाहताना तो प्रश्न पडला नाही.

थोडे अवांतर, पण आपल्या परिसरातले. झिया मोहिउद्दीन यांनी पनवेलजवळ पळस्पे येथे ध्रुपदाचे गुरुकुल उभारले. आम्ही नवीन पनवेलचे लोक त्या फाट्यावरून गोव्याच्या आणि पुण्याच्या गाड्या पकडतो, आणि जवळच ध्रुपदाची एवढी मोठी परंपरा नांदते आहे हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक असते! त्यांनी वीणेचे भोपळे मोठे केले, दांडी जड केली आणि तारा जाड घेतल्या, जेणेकरून खर्जाचा, म्हणजे अगदी खालचा, स्वर अधिक काळ टिकावा. पातळ दूरचित्रवाणी संचाच्या अंगच्या स्पीकरमधून हा खर्ज अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे वेगळा स्पीकर जरूर लावावा.

एक सूचना मात्र आधीच करून ठेवतो. यात निवेदन नावालाच आहे आणि तबला नाही, पखवाज आहे. मुलगी वीस मिनिटांत उठून गेली तर तिला रागावू नये.

वाशीकर_श्रोता

वरील प्रतिसादाशी सहमत असूनही एक मतभेद नोंदवतो. बोलणे आले की संगीत बुडाले असे सरसकट मानू नये. कोण बोलते आहे आणि कशासाठी, हे पाहावे.

शबनम विरमाणी यांचा ‘कोई सुनता है’ हा २००८ सालचा माहितीपट कुमार गंधर्व आणि कबीर यांच्याविषयी आहे. क्षयामुळे कुमारजी देवासला येऊन राहिले, कित्येक वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती आणि अंथरुणावर असताना माळव्यातली लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली, हा इतिहास आपल्या वडिलांना माहीत असणारच. हा माहितीपट त्या इतिहासाचे नुसते स्मारक करत नाही. तो कुमारजींच्या निर्गुणी भजनांकडून आजही माळव्यात तंबुऱ्यावर कबीर गाणाऱ्या मंडळींकडे जातो आणि तेथून पुन्हा कुमारजींच्या स्वराकडे येतो. येथे माणसे बोलतात, कारण त्यांच्या बोलण्यातून गाण्याचा अर्थ उलगडतो. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘हंस अकेला’ त्यानंतर पाहावा, आधी नको.

किशोरीताई आमोणकरांवरील ‘भिन्न षड्ज’ अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी केला आहे. त्यात ताईंचे स्वतःचे बोलणे आहे, आणि रागाचा भाव म्हणजे काय हे त्या ज्या तळमळीने सांगतात ते ऐकताना गाणे थांबल्याचे मला तरी जाणवले नाही. गुलजार यांनी १९९२ साली पं. भीमसेन जोशींवर केलेला माहितीपटही चांगला आहे. मात्र तो माणसाविषयी अधिक आणि गायकीविषयी कमी आहे, हे लक्षात ठेवून पाहावा.

‘कट्यार’विषयी विचारलेले नाही, तरीही सांगतो. १९६७ च्या नाटकात वसंतराव देशपांड्यांनी रंगवलेले खाँसाहेब ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, त्यांना चित्रपटातील गाणी आखूडच वाटणार. आपल्या वडिलांनी काही म्हटले नसेल, तर तो त्यांचा मोठेपणा समजावा.

ऐरोलीचा_गिटारवाला

काकांसाठी आणि आपल्या मुलीसाठी एकत्र चालतील अशी दोन नावे देतो.

पहिले ‘मॉन्टेरे पॉप’. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या संगीत महोत्सवावरचा डी. ए. पेनबेकर यांचा हा माहितीपट आहे. त्यात जिमी हेंड्रिक्स आहे, जॅनिस जॉपलिन आहे, म्हणजे मुलगी बसेल. आणि संपूर्ण चित्रपटाचा शेवट पं. रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्या वादनाने होतो, जवळपास अठरा मिनिटे. सुरुवातीला दिग्दर्शक वादकांना दाखवतच नाही. सतार ऐकू येत राहते आणि पडद्यावर दिसतात ते आवारात ऐकत बसलेले, फिरणारे, पेंगणारे लोक. मग हळूहळू कॅमेरा मंचावर येतो आणि सतार व तबला यांचा सवाल-जवाब सुरू होतो, त्या वेळी अल्लारखाँसाहेबांच्या चेहऱ्यावरचे हसू पाहण्यासारखे आहे. एकही तज्ज्ञ मध्ये येऊन बोलत नाही.

दुसरे ‘अमेझिंग ग्रेस’. १९७२ च्या जानेवारीत अरिथा फ्रँकलिन यांनी लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री भक्तिगीते गायली. सिडनी पोलॅक यांनी ते चित्रित केले, परंतु चित्र आणि ध्वनी जुळवण्यासाठी दृश्याआधी वाजवतात तो क्लॅपबोर्डच वापरला नाही, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसेना. चित्रफिती कित्येक वर्षे पडून राहिल्या आणि चित्रपट लोकांसमोर आला तो २०१८ साली. आपल्याकडच्या कीर्तनात बुवांनी एखादा चरण घोळवायला घेतला की समोरची मंडळी जशी डोलू लागतात, तसे तेथील श्रोते उठून उभे राहतात. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी काकांचे काही अडणार नाही.

नौपाडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन रविवारांचा वृत्तान्त देते.

‘ध्रुपद’ बाबांनी डोळे मिटून ऐकला आणि अधूनमधून उघडून पाहिला. मुलगी उठून जाईल असे वाटले होते, पण ती शेवटपर्यंत बसली, आणि मीच मध्ये दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आले, हे प्रामाणिकपणे कबूल करते. संपल्यावर बाबा म्हणाले, “वीणा छान आहे, पण तंबोरा कुठे आहे?” मला तर तंबोरा स्पष्ट ऐकू येत होता.

‘मॉन्टेरे पॉप’च्या वेळी वेगळेच घडले. सवाल-जवाब सुरू होताच बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि निक्षून सांगितले की, हात आधी पडतो आहे आणि बोल मागून येतो आहे. आम्हा दोघींना काही जाणवले नव्हते. पळस्पेफाटा यांच्या सूचनेनुसार आम्ही नुकताच ब्लूटूथ स्पीकर घेतला आहे. दोष चित्रपटात आहे, स्पीकरमध्ये आहे, की बाबांच्या कानाच्या यंत्रात?

खारघर_ध्वनी

काकांचे दोन्ही बाबतींत बरोबर आहे, आणि दोन्ही दोष निरनिराळ्या ठिकाणी आहेत. ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ब्लूटूथवर आवाज पाठवताना तो आधी आवळला जातो आणि स्पीकरमध्ये पुन्हा सोडवला जातो. या उलाढालीत साधारण ०.१५ ते ०.२ सेकंदांचा उशीर सहज होतो. संवादांमध्ये तो खपून जातो. परंतु द्रुत लयीत मिनिटाला ३०० मात्रा धरल्या, तर एक मात्रा ०.२ सेकंदांची होते. म्हणजे आपल्या घरी अल्लारखाँसाहेबांचा आवाज त्यांच्या हातामागून जवळपास पूर्ण एक मात्रा उशिरा येत होता. तबला शिकलेल्या माणसाला हे सहन होणे शक्यच नाही. स्पीकर तारेने जोडावा. संचाला मागच्या बाजूस ऑप्टिकल किंवा एचडीएमआयची सोय असते. त्याच वेळी ध्वनीच्या सेटिंगमध्ये आवाज स्पष्ट करणारी जी सोय असते, ती संगीत ऐकताना बंद ठेवावी. ती बोलण्याचा पट्टा वर उचलते आणि बाकीचे दाबते.

तंबोऱ्याचा प्रश्न बहुधा श्रवणयंत्राचा आहे. ही यंत्रे मुख्यतः बोलणे समजावे म्हणून बसवलेली असतात. बोलण्याचा आवाज सतत वर-खाली होतो. पंखा, वातानुकूलन यंत्र, फ्रीज यांचा आवाज एकसारखा चालू राहतो. म्हणून जे एकसारखे चालू आहे तो गोंगाट, असे समजून यंत्र ते कमी करते. आता तंबोऱ्याइतके एकसारखे चालू राहणारे दुसरे काय असते? यंत्राने त्याला पंखा समजून बाजूला सारले असावे. शीळ रोखणारी जी व्यवस्था यंत्रात असते, तीही बासरीच्या किंवा दीर्घ स्वराच्या बाबतीत असाच गोंधळ करते. श्रवणतज्ज्ञांकडे जाऊन संगीतासाठी स्वतंत्र प्रोग्राम बसवून मागावा. बहुतेक डिजिटल यंत्रांत तो बसवता येतो. घरच्या घरी खटपट करू नये.

वाशीकर_श्रोता

तंबोऱ्याला पंखा समजणाऱ्या यंत्राचे वर्णन वाचून हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. मी स्वतः यंत्र वापरतो, आणि गेली तीन वर्षे हल्लीच्या गायकांचे तंबोरे नीट लागत नाहीत असे सर्वांना ऐकवत आलो आहे.

मुलुंडच्या_वेशीवरून

अद्याप कोणी ‘द डिसायपल’चे नाव घेतले नाही याचे आश्चर्य वाटते. चैतन्य ताम्हाणे यांच्या या मराठी चित्रपटाला २०२० साली व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला. नायकाचे आडनाव नेरूळकर आहे, ही नवी मुंबईकरांसाठी वेगळी भेट. भूमिका करणारे आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले पं. अरुण द्रविड हे दोघेही प्रत्यक्षात गायक असल्यामुळे गाण्याचा अभिनय कोणी करत नाही, माणसे खरोखर गातात. रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावरून नायक मोटारसायकल चालवतो आहे, कानात माईंचे (त्याच्या गुरुजींच्या गुरूंचे) ध्वनिमुद्रित व्याख्यान चालू आहे आणि मागे तंबोरा आहे, अशी जी दृश्ये आहेत, त्यांत बोलणे आणि संगीत एकमेकांना जराही आडवे येत नाहीत. माईंचा तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. मात्र आयुष्यभर रियाज करूनही न साधलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. ज्यांनी तरुणपणी शिकणे अर्ध्यावर सोडले, त्यांना ती लागू शकते, म्हणून वडिलांना आधी कथेची कल्पना द्यावी.

आणि संगीत म्हणजे केवळ रागसंगीत नव्हे, हे मान्य असेल तर आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पाहावा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या गोळीबारात दहाजण मरण पावले, आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडमधील आपल्या झोपडीत आत्महत्या केली. तेथून सुरू झालेला हा माहितीपट पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. त्यात वस्त्यांमधली भीमगीते आहेत, कव्वालीचा बाज आहे, डफ आहे. तीन तासांहून मोठा असल्यामुळे दोन रविवारांत विभागावा. रविवारच्या करमणुकीसाठी मी तो सुचवत नाही, हे वेगळे सांगायला नको.

नौपाडकर

श्रवणतज्ज्ञांनी संगीताचा प्रोग्राम बसवून दिला आणि स्पीकर तारेने जोडला. काल ‘ध्रुपद’ पुन्हा लावला. दोन-तीन मिनिटे झाली असतील, बाबांनी मान वर केली, काही बोलले नाहीत, आणि मांडीवरचा हात उलटा करून तसाच ठेवून दिला. बऱ्याच वेळाने म्हणाले, “आहे. तंबोरा आहे.”

‘द डिसायपल’ची कथा त्यांना सांगितली. त्यावर “बघू” एवढेच उत्तर मिळाले, त्यामुळे पुढच्या रविवारी आधी ‘कोई सुनता है’ आणि त्यानंतर मुलीच्या आग्रहावरून ‘अमेझिंग ग्रेस’ असे ठरले आहे. नव्या प्रोग्राममध्ये मात्र पंखा, फ्रीज आणि खालच्या मजल्यावरचे वातानुकूलन यंत्र हे सगळेच त्यांना ऐकू येऊ लागले आहे. खालच्या मजल्यावर आमचे काही चालत नाही, परंतु रविवारी रात्री आठ ते दहा आमच्या घरातला पंखा बंद असतो आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात आम्ही तिघे घाम पुसत गाणे ऐकतो.