विषय: शाळेच्या सुट्टीत कोल्हापूरला कधी यायचं आणि झोपेचं काय करायचं

नमस्कार मंडळी,

पहाटेचे सव्वातीन झालेत, शाहूपुरीच्या घरी स्वयंपाकघरात बसून टाईप करतेय, बाहेर पाऊस लागलाय. ह्यूस्टनहून येऊन तिसरा दिवस. परवा रात्री आईनं तांबडा-पांढरा केला होता, मामा-मामी, आत्या सगळे जेवायला आलेले, आणि मी नऊला ताटावरून उठून आत जरा पडते म्हणाले ती थेट दोनला जागी झाले. आई काही बोलली नाही पण सकाळी तिचा चेहरा बघून मला लई वाईट वाटलं, तिनं दुपारपासून वाटण वाटलं होतं.

पण मला विचारायचंय ते परतीचं. आपल्या मेलिंग लिस्टवर शाळेत शिकवणारे बरेच जण आहेत म्हणून मोकळेपणानं लिहिते. गेल्या नाताळच्या सुट्टीत आले होते, सुट्टी दोन आठवडे, त्यातले चार दिवस येण्याजाण्यात गेले, रविवारी दुपारी परत उतरले आणि सोमवारी पहिल्या तासाला वर्गात उभी. मी केमिस्ट्री शिकवते. दुपारी दोनची लॅब, म्हणजे कोल्हापूरचे रात्रीचे दीड, मुलांसाठी आम्ल पातळ करून ठेवायचं होतं आणि बाटलीवरचा आकडा दोनदा वाचला तरी डोक्यात शिरेना. शेवटी लॅब रद्द केली, मुलांना धडा वाचायला दिला. साडेचारला घरी जाताना सिग्नलला गाडी थांबली तेवढ्यात माझा डोळा लागला, मागच्यानं हॉर्न वाजवला तेव्हा जाग आली. कुणाला काही झालं नाही, पण तो हॉर्न अजून कानात आहे.

ऑफिसवाल्यांना पहिले दोन दिवस घरून काम करता येतं, आपल्याला तीस पोरांसमोर उभं राहावं लागतं. तर तुम्ही लोक किती दिवस आधी परत जाता? आणि डिसेंबरात यावं का येऊच नये?

जे-१ वर (अमेरिकेचा एक्स्चेंज व्हिसा) असणाऱ्यांसाठी एक, निघण्याआधी डीएस-२०१९ वरची (त्या व्हिसाचा स्पॉन्सरनं दिलेला कागद) प्रवासाची सही तपासा, ती वर्षभरच चालते, स्पॉन्सरकडून नवी करून घ्यायला वेळ लागतो.

शाहूपुरी, सध्या मुक्काम ह्यूस्टन

---

उत्तर: शाळेच्या सुट्टीत कोल्हापूरला कधी यायचं

ताई,

सगळ्यात आधी, परतल्यावर पहिले चार-पाच दिवस स्वतः गाडी चालवू नका, कुणाला तरी सोडायला सांगा. तुमचे हिवाळ्यातले संध्याकाळचे साडेचार म्हणजे कोल्हापूरचे पहाटेचे चार, आणि शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं ती साधारण हीच वेळ, नेहमीच्या उठायच्या दोन-तीन तास आधीची. त्या वेळी कितीही निग्रह केला तरी झोप ओढतेच. तुमचा दोष नाही त्यात.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला बायॉलॉजी शिकवतो, घर गंगावेशीत. हे शरीराचं घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ह्यावर २०१७ चं वैद्यकातलं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग ह्यांना मिळालं, फळमाशीवरच्या कामाला. वर्गात हे शिकवत होतो पण स्वतःच्या प्रवासाला लावायला मला तीन वर्षं लागली. दरवर्षी लिस्टवर कुणीतरी सांगतं की उतरल्यावर पहाटे उठून रंकाळ्यावर जा, उजेड घ्या, जेट लॅग पळून जातो. मी सहा वाजता पदपथावर हजर, आणि तरी आठवडाभर रात्री दोनपर्यंत टक्क जागा.

कारण असं आहे बघा. तापमान सगळ्यात खाली जातं त्या वेळेच्या आधी उजेड डोळ्यात गेला तर शरीर झोप आणखी उशिरावर नेतं, नंतर गेला तर लवकर आणतं. उन्हाळ्यात इंग्लंड आणि आपल्यात साडेचार तास. माझी ती वेळ, तिकडचे पहाटेचे चार, म्हणजे कोल्हापूरचे सकाळचे साडेआठ. मला झोप लवकर आणायची होती आणि मी साडेआठच्या आधीचा उजेड घेऊन ती रोज उलटी ढकलत होतो! आता पहिल्या दिवशी नऊपर्यंत पडदे बंद ठेवतो, मग नऊ ते बारा बाहेर, आणि रोज तासभर अलीकडे येतो. चार-पाच दिवसांत बसतं.

तुमचं गणित वेगळं. सध्या साडेदहा तासांचा फरक, तुमचे पहाटेचे चार म्हणजे कोल्हापूरचे दुपारचे अडीच. इतका फरक असला की लवकर आणण्यापेक्षा उशिरावर नेत नेत गोल फिरवणं बऱ्याच जणांना सोपं जातं, कारण शरीराचा स्वतःचा दिवस चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा असतो. म्हणजे तुम्ही खुशाल सकाळी रंकाळ्यावर जा, दुपारी दोनपर्यंत उजेडात राहा, पण पहिले दोन-तीन दिवस तीन ते सहा अंधाऱ्या खोलीत काढा. ज्याच्या त्याच्या गावाप्रमाणं मोजा, लिस्टवर सरसकट एकच औषध सांगू नका ही माझी सगळ्यांना विनंती.

मेलाटोनिनच्या (शरीराला झोपेची वेळ कळवणारं संप्रेरक) गोळीचं डॉक्टरांना विचारूनच करा. इंग्लंडमध्ये ती चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

परतीचं म्हणाल तर एका तासाच्या फरकाला एक दिवस हा जुना हिशोब ढोबळ आहे पण खोटा नाही. तुम्ही किमान आठवडा ठेवा. नाताळचं मी स्पष्टच सांगतो, अमेरिकेतल्यांनी दोन आठवड्यांसाठी येऊ नये, घरात कुणी आजारी असेल तर गोष्ट वेगळी. इथं अंग रुळतं न रुळतं तोवर परत उलटं.

आमची अडचण वेगळी. आमच्या शाळा जुलैमध्ये सुटतात आणि सुट्टी सहा आठवडे, म्हणजे नेमकी पंचगंगा फुगायची वेळ. ऑगस्ट २०१९ ला मी पुण्यात मावशीकडे अडकून पडलो, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, घरचा फोन लागेना, सहा आठवड्यांतला एक तसाच गेला आणि त्या आठवड्यात झोप लागली नाही ती जेट लॅगमुळं नव्हे. २०२१ च्या जुलैत परत तेच. तेव्हापासून तिकीट बदलता येईल असंच काढतो, चार पैसे जास्त गेले तरी, आणि निघायच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ धोका. ३९ च्या वर असेल तर मुंबईहून पुढं निघतच नाही.

गंगावेस / लेस्टर

---

उत्तर: उत्तर: शाळेच्या सुट्टीत कोल्हापूरला कधी यायचं

आम्ही दुबईवाले, फरक दीड तासाचा, त्यामुळं जेट लॅग असा नाही. पण आमची विमानं रात्री दोन-तीनला मुंबईत उतरतात आणि सगळे लगेच गाडीत बसून कोल्हापूरला सुटतात, आठ-नऊ तासांचा रस्ता. आपण मागं झोपतो हो, पण ड्रायव्हर रात्रभर पार्किंगमध्ये जागा असतो ह्याचा कुणी विचार करत नाही. पहाटे घाटात आमच्या ड्रायव्हरची मान खाली गेलेली मी बघितलीय. आता आम्ही दिवसभर ठाण्यात बहिणीकडे थांबतो, रात्री सीएसएमटीहून महालक्ष्मी एक्स्प्रेस, आडवं होऊन झोपायचं, सकाळी कोल्हापूर. अमेरिकेहून येणाऱ्यांना तर हे जास्तच बरं पडेल, एक रात्र तरी रात्रीसारखी मिळते.

---

उत्तर: उत्तर: उत्तर: शाळेच्या सुट्टीत कोल्हापूरला कधी यायचं

बाळांनो,

मी राजारामपुरीतून लिहिते, शाळेतून निवृत्त झाले, मुलगी अमेरिकेत शिकवते म्हणून ह्या लिस्टवर आहे. घरच्यांच्या बाजूनं कुणीतरी लिहायला हवं.

तुमच्या झोपेचं आम्हाला कळत नाही असं नाही, तुम्ही सांगत नाही. उतरलात की म्हणता मी ठीक आहे, आणि आम्ही लगेच पाहुण्यांना फोन लावतो कारण चार आठवड्यांत सगळ्यांना भेटवायचं असतं. माझ्या मुलीला मी सांगून टाकलंय, पहिले तीन दिवस घरात फक्त आम्ही दोघं आणि तू, भाकरी-आमटी. मटण चौथ्या दिवसानंतर, आणि तेही दुपारी. दुपारी जेवून सगळं घर आडवं होतं तेव्हा तिनं पडलं तर पडू दे, मी अर्ध्या तासानं चहा ठेवते आणि उठवते, ती चिडली तरी उठवते, नाहीतर सात वाजतात.

लेस्टरच्या दादांनी सांगितलेलं अंधाऱ्या खोलीचं मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी करून बघू.

दुसरं, किरणोत्सवासाठी किंवा दिवाळीसाठी म्हणून पाच दिवसांची धावपळ करू नका. मुलगी एकदा नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या रजेला एक आठवडा जोडून, किरणोत्सवाचे नोव्हेंबर ९ ते ११ गाठता येत नाहीत म्हणून निदान अंबाबाईचं दर्शन तरी, असं म्हणून आली. देवळात रांगेत उभ्या उभ्या पेंगली. आईच्या पायाशी मावळतीची किरणं येतात ते ३१ जानेवारीलाही येतात, पण तेव्हाही तुमच्या शाळा चालूच असतात, माहीत आहे मला. आम्ही तुमच्या वतीनं हात जोडू. तुम्ही जूनमध्ये या आणि भरपूर राहा.

काकू

---

उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: शाळेच्या सुट्टीत कोल्हापूरला कधी यायचं

काकू, तुमचा मेल आईला मोठ्यानं वाचून दाखवला. ती आधी म्हणाली भाकरी-आमटीवर ठेवायला तू काय आजारी आहेस का, मग बराच वेळ गप्प बसली.

दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. सकाळी सहाला रंकाळा, मग मंडईत आईबरोबर, दुपारी तीनला मधल्या खोलीच्या खिडक्यांना चादरी लावून बसले, बाबांनी रेडिओ आणून दिला. पहिल्या दिवशी काही फरक नाही, आज पाचव्या दिवशी रात्री साडेअकराला झोपले ती सहालाच जागी झाले. एवढ्यावरून छातीठोक काही सांगत नाही, पण अंग हलकं वाटतंय.

आणि परतीचं तिकीट बदललं. २ ऑगस्टचं होतं, आमचं शाळेतलं ट्रेनिंग ४ ला सुरू होतं, आता २५ जुलैला निघते, नदीचं पाणी चढायच्या आत बाहेर पडता आलं तर तेही बरं. फरकाचे पैसे भरले, आईला आठ दिवस कमी झाले ह्याचं वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण लॅबमधल्या त्या दुपारचं आणि सिग्नलचं तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं तेव्हा तीच म्हणाली, बदल.

डिसेंबरात येणार नाही हे पण सांगून टाकलं. आई-बाबा मार्चमध्ये तिकडं येतायत का ते बघतोय, त्यांच्या बीपीच्या गोळ्यांच्या वेळा कशा बसवायच्या हे डॉक्टरांना विचारायचंय, कुणाच्या घरचे जाऊन आले असतील तर लिहा.

रविवारी दुपारी बाराला परत तांबडा-पांढरा आहे. मामा-मामी आणि आत्यांना मीच फोन केले.