परदेशात डेटा आणि प्रॉडक्ट ॲनालिटिक्समध्ये जम कसा बसवावा?

प्रश्न (जळगाव):
पत्नीच्या नोकरीमुळे आम्ही लवकरच बर्लिनला जात आहोत. केळीच्या आवक-जावकेचे अहवाल मी सहा वर्षे एक्सेलमध्ये केले असून एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) नुकतेच शिकलो आहे. हा अनुभव तिथे धरला जाईल का?

उत्तर (भुसावळ, सध्या म्युनिक):
दादा, धरला जाईल. मात्र ‘अहवाल केले’ असे न सांगता, कोणत्या आकड्यामुळे कोणता निर्णय बदलला, ते सांगावे. रावेरहून निघालेला ट्रक वाटेत किती तास अडला की किती माल काळा पडतो, हे तुम्ही मोजले असेल, तर ॲपमध्ये नोंदणीपासून खरेदीपर्यंत ग्राहक कोणत्या पायरीवर गळतात हे दाखवणारे फनेल तुम्हाला परके वाटणार नाही. एसक्यूएलमधील जॉइन (दोन तक्ते जोडणे) आणि विंडो फंक्शन (ओळी तशाच ठेवून संबंधित ओळींवर हिशेब करणे) मात्र पक्की करा. माझी पहिली मुलाखत तिथेच अडली होती.

उत्तर (धुळे):
युरोपीय संघात 25 मे 2018 पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. ट्रॅकिंगला संमती न देणारे ग्राहक पुष्कळदा आकड्यांत दिसतच नाहीत, हे ध्यानात ठेवूनच निष्कर्ष काढावा लागतो. जर्मन भाषा शिकायला आजच सुरुवात करा.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. ट्रकच्या नोंदी माझ्याजवळ आहेत. मालकांची परवानगी घेऊन, व्यापाऱ्यांची नावे वगळून, पहिला प्रकल्प त्यांवरच करतो.