हृदयविकार संशोधनासाठी गाइड निवडायचाय – एच-इंडेक्स आणि सायटेशन कसे वाचायचे?

गोदाकाठची_डॉक्टर
नमस्कार. मी नाशिकला असते, एमडी मेडिसिन झालंय. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर संशोधन शिकायचंय आणि दोघांनी सोबत घ्यायची तयारी दाखवली आहे. सरांचा गूगल स्कॉलरवरचा (गूगलची संशोधन पेपर शोधायची सेवा) एच-इंडेक्स, म्हणजे पेपर आणि त्यांच्या सायटेशनवरून काढलेला आकडा, चाळिशीच्या वर. सायटेशन, म्हणजे इतरांनी त्यांच्या पेपरांचे दिलेले संदर्भ, काही हजार. मॅडमचा एच-इंडेक्स बारा. घरचे, मित्रमंडळी सगळे म्हणतात की विचार कसला करतेस, सरांकडे जा. पण पुढची दोन-तीन वर्षं यात जाणार आहेत, नुसत्या आकड्यावर ठरवायला मन घेत नाही. ज्यांना अशी पेपरांची यादी वाचता येते त्यांनी सांगा, नेमकं काय बघू?

पुस्तकपेटी
डॉक्टर, मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. सगळ्यात आधी त्या यादीतले पेपर त्याच माणसाचे आहेत का ते बघा. पबमेडवर (वैद्यकीय पेपरांची ऑनलाइन सूची) 'पाटील एस' किंवा 'कुलकर्णी ए' टाकून बघा, दंतवैद्यापासून सूक्ष्मजीवशास्त्रज्ञापर्यंत सगळे एकाच यादीत येतात. गूगल स्कॉलरचं प्रोफाइल तर आपोआप पेपर जोडत जातं. मालकाने लक्ष दिलं नाही तर दुसऱ्याचे पेपर वर्षानुवर्षं त्याच्या नावावर राहतात. म्हणून सरळ ऑर्किड क्रमांक मागा, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक. 2012 पासून ही सोय आहे, फुकट आहे, आणि मागण्यात संकोच वाटण्यासारखं काहीच नाही.

आता एच-इंडेक्स. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली तो सुचवला. जितक्या पेपरांना प्रत्येकी किमान तितकीच सायटेशन आहेत, तो सगळ्यात मोठा आकडा म्हणजे एच-इंडेक्स. समजा एकाचे पाच पेपर आहेत आणि त्यांना 120, 40, 9, 3 आणि 1 अशी सायटेशन आहेत. त्याचा एच-इंडेक्स तीन. पहिल्या पेपरला 120 च्या जागी 12,000 सायटेशन मिळाली तरी तीनच. शिवाय हा आकडा वाढतो, घटत नाही. पंचवीस वर्षं काम केलेल्याचा आणि आठ वर्षं काम केलेल्याचा आकडा शेजारी ठेवून काही हाती लागणार नाही. दोघांचे आकडे एकाच ठिकाणचे घ्या हेही सांगते. गूगल स्कॉलर थिसिस, प्रीप्रिंट (तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेले पेपर), काय वाट्टेल ते मोजतं, त्यामुळे स्कोपस या सशुल्क सायटेशन-सूचीपेक्षा तिथला आकडा जवळजवळ नेहमीच मोठा दिसतो.

ठोके_बहात्तर
वर ताईंनी सांगितलं ते बरोबरच. मी कार्डिओलॉजीत आहे, आमच्या विषयातली मेख सांगतो. आमच्याकडे उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं आणि बहुकेंद्री (अनेक रुग्णालयांत मिळून केलेल्या) चाचण्यांचे पेपर असतात, त्यांना हजारोंनी सायटेशन मिळतात आणि लेखकांची यादी कधीकधी पानभर असते. एखादं केंद्र रुग्ण भरती करतं, केंद्रप्रमुखाचं नाव यादीत कुठेतरी मधे लागतं आणि सगळी सायटेशन त्यांच्याही खात्यावर जमा होतात. रुग्ण भरती हे कष्टाचं काम आहे, मी ते कमी लेखत नाही. पण तुम्हाला प्रश्न कसा मांडायचा ते शिकायचंय. म्हणून गाइड लेखकांच्या यादीत पहिल्या किंवा शेवटच्या जागी आहेत असे पेपर वेगळे काढा. पहिला लेखक बहुधा प्रत्यक्ष काम करणारा, शेवटचा ते काम उभं करणारा. तेवढेच पेपर उघडून वाचा.

कसला पेपर शोधायचा याचं उदाहरण देतो. 2008 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 'क्रिएट' या हार्ट अटॅकच्या रुग्णांच्या नोंदवहीचा पेपर आला, पहिले लेखक डेनिस झेवियर. भारतातल्या 50 शहरांतली 89 केंद्रं, 20,468 रुग्ण. लक्षणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ 360 मिनिटं. सहा तास! आणि 30 दिवसांतला मृत्युदर गरीब रुग्णांत 8.2 टक्के, श्रीमंतांत 5.5 टक्के. आपल्याकडच्या हृदयविकाराबद्दल लिहिताना लोक अजून या पेपराकडे वळतात, कारण त्यात आपल्या माणसांचे आकडे आहेत. तुमच्या दोन्ही गाइडच्या यादीत असा, इतरांना वापरावाच लागतो असा एखादा तरी पेपर आहे का? छोटा असला तरी चालेल.

सिन्नरफाटा
पेपर मागे घेतलाय का तेही बघा. 2020 च्या मे महिन्यात कोविडवरचे दोन पेपर आले, एक न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात, एक लॅन्सेटमध्ये. दोन्ही पेपर सर्जिस्फीयर कंपनीने दिलेल्या रुग्णांच्या माहितीवर होते, ती मूळ माहिती तपासायला मिळाली नाही म्हणून 4 जूनला दोन्ही मागे घेतले. त्यातला एक तर हृदयरोग आणि त्याच्या औषधांवरचाच होता. पेपर मागे घेतला तरी त्याची सायटेशन मोजली जातातच.

दिंडोरी_रोड
मी थोडं वेगळं सांगतो. आकडा अगदीच सोडून देऊ नका. पुढे परदेशी फेलोशिपला अर्ज कराल तेव्हा शिफारसपत्र कोणाचं आहे ते बघतात. नाव असलेल्या माणसाच्या शब्दाला वजन असतं, हे मान्य करूनच निवड करा.

गोदाकाठची_डॉक्टर
सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे बसून याद्या वेगळ्या केल्या. सर बहुतेक पेपरांत मधल्या जागी आहेत, पण गेल्या काही वर्षांत हार्ट फेल्युअरवरच्या मोजक्या पेपरांत शेवटी आहेत आणि ते खरंच चांगले आहेत. मॅडमच्या पेपरांत पहिलं नाव बहुतेक वेळा विद्यार्थ्याचं. आता खरी अडचण झाली!

ठोके_बहात्तर
विद्यार्थ्याचं नाव पहिलं, ही फार मोठी गोष्ट आहे डॉक्टर. थिसिस तर सगळेच विद्यापीठाला देतात, आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठात ढीग असेल. त्यातले किती पुढे छापून आले, ते मॅडमना विचारा. सरांना विचारा की हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची माहिती तुम्हाला स्वतः हाताळायला मिळेल का आणि लेखकांचा क्रम कधी ठरतो. काम सुरू व्हायच्या आधी क्रम ठरवून तो ईमेलवर लिहून घ्या. दोघांच्या जुन्या विद्यार्थ्यांना मात्र फोनच करा, लिहून कोणी मोकळेपणाने सांगत नाही.

पुस्तकपेटी
आणि दोघांच्या निवडक पेपरांचे पबमेड क्रमांक एनआयएचच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था) आयसाइट या संकेतस्थळावर टाका. पेपराला त्याच्या क्षेत्राच्या आणि वर्षाच्या मानाने किती सायटेशन मिळाली ते तिथे फुकट दिसतं, 1 म्हणजे एनआयएचच्या निधीतल्या पेपरांच्या मध्यकाइतकी. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळायची असतील तर स्कोपस लागेल. तुमच्या कॉलेजात नसेल तर व्यक्तिगत निरोप करा, यादी पाठवा, मी काढून देते.