विक आन झी: १३ फेऱ्या खेळायच्या आणि निकाल ३ मिनिटांत?

तिरका_उंट
दरवर्षी जानेवारीत नेदरलँड्समधल्या विक आन झी या समुद्रकाठच्या गावात टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धा भरते. १४ खेळाडू, प्रत्येकाशी एकेक डाव. २ फेब्रुवारी २०२५ला गुकेश आणि प्रज्ञानंद साडेआठ गुणांवर बरोबरीत आले, तेही दोघं शेवटची फेरी हरून! गुकेशला अर्जुन एरिगैसीने हरवलं, प्रज्ञानंदला व्हिन्सेंट कायमरने. मग त्याच संध्याकाळी, त्याच शिणलेल्या डोक्यांनी ब्लिट्झ, म्हणजे तीन-तीन मिनिटांचे झटपट डाव. पहिला डाव गुकेशचा, दुसरा प्रज्ञानंदचा, आणि निर्णायक डावात गुकेशचा घोडा फुकट गेला. प्रज्ञानंद विजेता.

दोन आठवड्यांहून जास्त क्लासिकल, म्हणजे तासन्‌तास चालणारे डाव खेळवून शेवटी हे? जेतेपद वाटून द्या की. आनंदची इथली पाच जेतेपदं आहेत, त्यातली तीन (१९८९, १९९८, २००६) विभागूनच आहेत. त्याने आनंद लहान झाला का?

घड्याळजी
साफ असहमत. १९८९ला आनंद, निकोलिच, रिब्ली आणि साक्स असे चार विजेते होते. वरात निघाली, पण नवरदेव कोण तेच कळेना! आणि ब्लिट्झ म्हणजे चिठ्ठ्या टाकणं नव्हे. प्रज्ञानंद पहिला डाव हरून परत आला, ते काय नशिबावर? शिवाय शेवटच्या फेरीत दोघांपैकी एकाने नुसता डाव बरोबरीत सोडवला असता तरी टायब्रेकची, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या या जादा डावांची वेळ आली नसती.

कालव्याकाठी
मी तिथे एका रविवारी जाऊन आलोय, म्हणून थोडं अवांतर. व्यासपीठावर कार्लसनसारखी मंडळी आणि त्याच सभागृहात खाली ओळीने टेबलं मांडून शेकडो हौशी खेळाडू. माझ्यासमोर एक आजोबा हत्ती गमावून शांतपणे सँडविच खात होते. वाटाण्याचं सूप ही तिथली जुनी प्रथा. सूप कसलं, पिठल्याचा चुलतभाऊ! १९३८ला होगोव्हन्स या पोलाद कारखान्याने शेजारच्या बेव्हरवाइकमध्ये स्पर्धा सुरू केली, १९६८ला ती इथे आली. कारखाना टाटांकडे गेल्यावर २०११पासून आताचं नाव.

मुद्द्यावर येतो. टायब्रेक असू द्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आणि रॅपिड, म्हणजे ब्लिट्झपेक्षा जास्त वेळाचे डाव. सहा-सहा तास बसून उठलेल्या माणसाला तीन मिनिटांच्या घड्याळापुढे बसवायचं, हे मला पटत नाही.

पणजीचं_प्यादं
उंटराव, खालच्या चॅलेंजर्स गटाचं काय करणार? तिथल्या विजेत्याला पुढच्या वर्षी मास्टर्समध्ये, म्हणजे वरच्या मुख्य गटात जागा मिळते. आमचा गोव्याचा लिऑन मेंडोन्सा २०२४ला चॅलेंजर्स जिंकला, म्हणून २०२५ला गुकेश-प्रज्ञानंदच्या पंगतीत बसला. पान एकच असेल तर वाटून कसं जेवणार?

तिरका_उंट
चॅलेंजर्सचं मान्य, तिथे टायब्रेक लागेलच. पण मास्टर्समध्ये कुठलं पान कमी पडतंय? नेदरलँड्सच्याच अनिश गिरीला विचारा. २०१८ला टायब्रेकमध्ये कार्लसनकडून हरला, २०२१ला फान फोरेस्टकडून, २०२४ला गुकेशकडून.

घड्याळजी
आणि २०२३? शेवटच्या फेरीत रिचर्ड रॅपोर्टला हरवून एकटा पहिला आला. तुमच्याच साक्षीदाराने माझी बाजू मांडली, धन्यवाद.

तिरका_उंट
तेव्हा आघाडीवर असलेला उझबेकिस्तानचा अब्दुसत्तोरोव शेवटचा डाव हरला म्हणून! तो जिंकला असता तर गिरी पुन्हा दुसराच. बरं, गिरी सोडा, गुकेश घ्या. २०२४लाही टायब्रेकच्या अंतिम लढतीत वेई यीकडून हरला. लागोपाठ दोन वर्षं १३ फेऱ्यांत त्याच्या पुढे कोणी नाही आणि विजेत्यांच्या यादीत त्याचं नाव नाही. हे खटकत नाही तुम्हाला?

घड्याळजी
खटकतं, खोटं कशाला बोलू. पण २०२४ला साडेआठवर चौघे होते. वेई यीने आधी अब्दुसत्तोरोवला काढलं, मग गुकेशला. आता त्याच्याकडून तीन हिस्से परत मागायचे? त्याच्या हातात चौथाईच ठेवायची?