दुखऱ्या जागेवर नेमकी येणारी जाहिरात : तुमचा अनुभव सांगा

अण्णांच्या गालातली गाठ कॅन्सरची आहे हे आम्हाला एका गुरुवारी दुपारी कळलं. त्या रात्री दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पडल्या पडल्या मी फोनवर 'गालाचा कॅन्सर चौथी स्टेज' असं शोधलं. आधी मराठीत, मग इंग्रजीत. चार पानं वाचली, रडले, झोपले. सकाळी परळला टाटाच्या रांगेत उभी असताना फोन उघडला, तर पहिलीच जाहिरात अर्धा जबडा नसलेल्या माणसाच्या फोटोची. वर लाल अक्षरांत 'केमो सुरू करण्याआधी हे बघा'. खाली चाळीस दिवसांच्या काढ्याची किंमत.

पुढचे आठ महिने त्या जाहिराती आमच्याबरोबर चालल्या. अण्णांचा शेक (रेडिएशन) सुरू झाला तेव्हा 'शेक घेतलेल्यांचं पुढे काय होतं' असे व्हिडिओ येऊ लागले. नाकातून नळी बसवली, मी नळीतून द्यायच्या पातळ पदार्थांची माहिती शोधली, आणि दोन दिवसांत 'आता डॉक्टरांनी हात टेकले का?' असं विचारणारी जाहिरात हजर. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं.

धक्का देऊच नये असं माझं म्हणणं नाही. मी भुसावळची. तंबाखूविरोधी जाहिरातीतला मुकेश आमच्याच गावचा, 2009 मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. सिनेमाच्या आधी त्याचा चेहरा पडद्यावर आला की थिएटर गप्प व्हायचं. 2016 पासून पुडीच्या 85 टक्के भागावर ती भयानक चित्रं आली. अण्णा पुडी त्या चित्राकडूनच फाडायचे, म्हणजे त्यांना ते बघवत नव्हतं. तो धक्का सगळ्यांना सारखा बसायचा, आणि तो देणाऱ्याला तुम्हाला काही विकायचं नव्हतं. माझ्या फोनवरचा धक्का मला एकटीला, माझ्या सगळ्यात वाईट सकाळी, मोजून मारलेला होता.

तुमच्या बाबतीत असं घडलं असेल तर लिहा. कोणती जाहिरात, आणि ती तुमच्याचकडे का आली याचा काही पत्ता लागला का? कंपन्यांची नावं नकोत.

सांगली

ताई, तुमचं वाचून पहिल्यांदाच हे लिहायचा धीर होतोय. चार वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात माझ्या बाळाचे ठोके थांबले. गरोदरपणाच्या ॲपमध्ये मी तारीख भरून ठेवली होती. घरी आल्यावर ॲप काढून टाकलं, पण तारीख आधीच कुठे कुठे पोचली होती. ती उलटली आणि नवजात बाळाच्या लंगोटांच्या जाहिराती सुरू झाल्या. सहा महिन्यांनी नाचणी सत्त्व. वर्षाने चालायला शिकवणारी गाडी. माझ्या नसलेल्या मुलीचं वय त्या जाहिरातींना माझ्याइतकंच पाठ होतं.

सगळ्यात लागली ती एका पावडरीची. रडणाऱ्या बाळाचा चेहरा अगदी जवळून, आणि प्रश्न : 'आई, तू काय चुकलीस?' हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होते. तो छापील अक्षरांत समोर आल्यावर मी स्वयंपाकघरात खालीच बसले.

नंतर कळलं की वॉशिंग्टन पोस्टच्या पत्रकार जिलियन ब्रॉकेल यांनी डिसेंबर 2018 मध्ये, त्यांचं बाळ पोटातच दगावल्यावर, तंत्रज्ञान कंपन्यांना जाहीर पत्र लिहिलं होतं. मी गरोदर आहे हे तुमच्या लक्षात आलं, मग बाळ हलत नाही म्हणून मी शोधत होते ते का नाही आलं, असं त्यांनी विचारलं होतं. 'ही जाहिरात नको' म्हटल्यावर यंत्राने काय समजावं? बाळंतपण झालं, आता बाळाच्या वस्तू दाखवा. मी ते तीनदा वाचलं. इतक्या लांब राहणाऱ्या बाईच्या आणि माझ्या फोनमध्ये तेच घडलं होतं.

ज्यांना गरज असेल त्यांच्यासाठी : जाहिरातींच्या सेटिंगमध्ये विषयांची यादी असते, तिथे पालकत्व या विषयाला 'कमी दाखवा' करता येतं. मला ते दोन वर्षांनी कळलं.

ठाणे (नऊ वर्षं ऑनलाइन जाहिरातींचं काम)

दोघींचं वाचून दिवसभर काम सुचलं नाही. यंत्र आतून कसं चालतं ते सांगतो.

आम्हाला तुमचं नाव दिसत नाही. दुकानदार त्याच्या वेबसाइटवर एक छोटा कोड बसवतो. आम्ही त्याला पिक्सेल म्हणतो. तुम्ही ते पान उघडलंत की ती खबर जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीला जाते. मग आम्ही सांगतो, हे पान पाहून काही न घेता गेलेल्यांना पुन्हा गाठा. किंवा आमच्या ग्राहकांच्या फोन नंबरांची यादी चढवतो आणि म्हणतो, यांच्यासारखे आणखी लोक शोधा. हे 'सारखे' कशावरून, ते आम्हालाही कुणी सांगत नाही. फोन आपलं बोलणं ऐकतो का, असं सगळे विचारतात. इतकी माहिती बोटांनीच दिलेली असते की ऐकायची गरजच पडत नाही.

फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाने जानेवारी 2022 पासून आजार, धर्म, राजकीय मतं अशा नाजूक विषयांवर नेम धरायचे पर्याय काढून टाकले. त्यांनी स्वतः दिलेल्या उदाहरणांत 'केमोथेरपी' हा शब्द होता. पण यादीतून शब्द गेला तरी पानं पाहिल्याच्या खुणा राहतात, आणि कोण थांबून बघतं हे यंत्र आपोआप शिकतं. त्याला 'कॅन्सर' हा शब्द कळायची गरज नाही. भुसावळच्या ताई त्या फोटोवर चार सेकंद थांबल्या, एवढं त्याला पुरतं.

आता धक्क्याचं. जागेचा लिलाव होतो. त्यात नुसती बोली बघत नाहीत, तुम्ही प्रतिसाद द्याल याची शक्यताही धरतात. म्हणजे ज्या जाहिरातीवर लोक थबकतात ती तेवढ्याच पैशांत जास्त जणांना दिसते. आमच्याकडे पहिल्या तीन सेकंदांना 'हुक' म्हणतात. दर सोमवारच्या मीटिंगमध्ये कोणता हुक चालला ते बघतो, आणि बहुतेक वेळा भीतीचाच चाललेला असतो. मी स्वतः एका केसगळतीच्या तेलासाठी लग्न मोडल्याचा व्हिडिओ लिहिलाय. चांगला चालला. तो बघून कुणाची रात्र कशी गेली असेल, हा प्रश्न त्या मीटिंगमध्ये कुणी काढला नाही, मीही नाही. तेव्हा विचारायला हवा होता.

कोल्हापूर

माझी बाजू थोडी वेगळी आहे. मी घरून कांदा-लसूण चटणी आणि मसाले विकते. दिवसाला दोनशे रुपयांची जाहिरात, गावाभोवतीचे पंधरा किलोमीटर, बायका तीस ते साठ. याच नेम धरण्याने माझं घर चाललं. पूर्वी वर्तमानपत्रात चौकोन घ्यायचा तर महिन्याची कमाई गेली असती. त्यामुळे लक्ष्य ठरवून जाहिरात करणं म्हणजे पापच, असं मी नाही म्हणणार.

पण मागच्या उन्हाळ्यात विक्री बसली तेव्हा एका ओळखीच्या मुलाने सांगितलं, काकू, भीती घाला. त्याने व्हिडिओ करून दिला : बाजारच्या तिखटात विटेची भुकटी, पोट धरून रडणारं पोर, शेवटी माझी बरणी. एका आठवड्यात इतर वेळच्या तिप्पट ऑर्डरी आल्या. मग आमच्या गल्लीच्या टोकाला वीस वर्षं चक्की चालवणारे मामा घरी आले. काही बोलले नाहीत. पाणी प्यायले आणि म्हणाले, 'वहिनी, माझ्याकडे गिऱ्हाईक विचारतंय, वीट घालता का?' व्हिडिओ त्याच रात्री काढला. आलेल्या ऑर्डरी मात्र मी पूर्ण केल्या, ते पैसे वापरले, आणि ते मला अजून टोचतं.

नागपूर

मी बँकेतून निवृत्त. पैशाच्या व्यवहारात आयुष्य गेलं, म्हणून हे सांगताना जड जातं. एका मान्यवरांचा चेहरा आणि आवाज वापरून केलेला बनावट व्हिडिओ जाहिरातीत आला : 'बँका तुमच्यापासून हे लपवतात, उद्या हा व्हिडिओ काढला जाईल.' मी निवृत्तीच्या पैशांवरचं व्याज शोधत होतो, त्याच आठवड्यात आला. दोन लाख चाळीस हजार गेले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, थोडी रक्कम गोठवली गेली, बाकी गेली.

पण या धाग्यात लिहायचं कारण पुढचं आहे. तक्रारीनंतर 'फसवणुकीतले पैसे परत मिळवून देतो' अशा जाहिराती मला दिसू लागल्या. एकाशी बोललो. आधी शुल्क भरा म्हणाला. जखम झालेला माणूस कुठे बसलाय हे त्यांना माहीत असतं. मुलाला फोन दाखवला नसता तर मी तेही भरलं असतं.

पुणे

गर्भाशयमुखाचा कॅन्सर, दुसरी स्टेज, उपचार 2021 मध्ये पूर्ण. आज बरी आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये एका अभिनेत्रीच्या मृत्यूची बातमी तिच्याच खात्यावरून आली, कारण माझाच आजार. दुसऱ्या दिवशी ती जिवंत समोर आली आणि म्हणाली, जागृतीसाठी केलं. त्या चोवीस तासांत माझ्या आईने मला अकरा फोन केले. माझ्याबरोबर उपचार घेतलेली एक मैत्रीण रात्रभर जागी होती, कारण तिचा तपासणीचा रिपोर्ट यायचा होता. बत्तीस वर्षांची बाई इतक्या झटकन जाते, तर आपलं काय?

लोक म्हणाले, निदान सगळे बोलायला तर लागले. बोलले ते त्या अभिनेत्रीबद्दल. आदल्याच दिवशी अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना द्यायच्या या कॅन्सरविरोधी लसीला प्रोत्साहन देण्याचं सांगितलं होतं. लस इथेच पुण्यात, सीरममध्ये तयार होते. त्याबद्दल बोलायला कुणाच्या खोट्या मरणाची गरज नव्हती. पॅप तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे शांतपणे सांगितलेलं मला हवं होतं, कारण मी भीतीपोटीच दोन वर्षं तपासणी टाळली होती. घाबरलेली बाई दवाखान्यात जातेच असं नाही. ती दार लावून घेते.

भुसावळच्या ताई, मुकेशची जाहिरात मलाही सहन व्हायची नाही, पण तिच्यात काही खोटं नव्हतं.

जालना

शेतकरी. कर्जाच्या ॲपची जाहिरात आली होती. झाडाखाली चपलांचा जोड, बाजूला फेटा, आणि 'ही वेळ येऊ देऊ नका, पाच मिनिटांत कर्ज'. आमच्या घरातून एक माणूस असा गेलेला आहे. आईच्या हातात फोन होता तेव्हा.

डोंबिवली

लेक चौदा वर्षांची. खातं उघडताना तिने जन्मसाल खोटं घातलं, वर्गातल्या सगळ्यांनी घातलं. तिला आधी-नंतरच्या फोटोंच्या जाहिराती यायच्या, पोटाच्या, मुरुमांच्या. एकीत आरशात मुलीच्या जागी डुक्कर दिसतं. तिने डबा खाणं सोडलं हे मला शाळेतून कळलं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांवर नजर ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे, पण यंत्राच्या लेखी माझी लेक तेवीस वर्षांची आहे. आम्ही बसून दोघींनी तिचं वय दुरुस्त केलं. ती रडली, मैत्रिणींत एकटी पडेन म्हणून. डबा आता निम्मा संपतो.

म्युनिक

डोंबिवलीच्या ताईंना : इथे युरोपात फेब्रुवारी 2024 पासून अल्पवयीन मुलांची माहिती वापरून जाहिरात दाखवायला आणि आजार, धर्म यांवरून नेम धरायला, अगदी छोट्या कंपन्या सोडून, सगळ्या प्लॅटफॉर्मना बंदी आहे. पण खोटं वय घातलं की इथेही तीच अडचण. आणि नोव्हेंबर 2023 मध्ये फेसबुक-इन्स्टाग्रामवर आम्हाला एक पर्याय आला होता : महिना 9.99 युरो द्या, जाहिराती बंद. दुखऱ्या जागी कुणी बोट ठेवू नये यासाठी महिन्याचं भाडं भरायचं, हे मला आजही पटलेलं नाही.

भुसावळ (धागा काढणारी)

सगळ्यांचं दोनदा वाचलं. सांगलीच्या ताई, तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे, निरोप पाठवते. ठाण्याचे दादा, खरं लिहिलंत म्हणून आभार. चार सेकंद, हे मला खूप दिवस आठवेल.

धागा का काढला ते वर लिहिलं नव्हतं. अण्णा मार्चमध्ये गेले. त्यांचा फोन आता आई वापरते, आणि तिकडेही त्याच जाहिराती येतात. गेल्या रविवारी कपड्यांच्या घड्या घालताना तिने मला फोन दाखवला. तोच चाळीस दिवसांचा काढा. म्हणाली, 'बाई, हे तेव्हा का नाही आणलं आपण?'

मी टाटाची फाइल काढली, तिच्याजवळ बसले आणि पहिल्या कागदापासून वाचून दाखवायला लागले.