क्वाड टू ॲम्प्लिफायरची दुरुस्ती: मूळचे काय ठेवावे, काय बदलावे?

श्रवणवेध (प्रश्न)

क्वाड टू या ब्रिटिश व्हॉल्व्ह (निर्वात नळी) ॲम्प्लिफायरची एक जोडी नुकतीच माझ्याकडे आली आहे. ती बरीच वर्षे बंद होती, म्हणून मी अद्याप तिला वीज दिलेली नाही. तळाची झाकणे काढून पाहिले तेव्हा ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंग उत्तम स्थितीत दिसले. एका तंत्रज्ञांचा सल्ला असा की, आतील सर्व रेझिस्टर आणि कपॅसिटर काढून नवे लावावेत आणि जीझेड ३२ या रेक्टिफायर (एसीचा डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हच्या जागी सिलिकॉन डायोड बसवावेत. दुसऱ्या एका जाणकारांचे मत याच्या अगदी उलट आहे: त्या काळची ब्रिटिश बांधणी इतकी भक्कम होती की काहीही न बदलता यंत्र सरळ सुरू करावे. यांपैकी कोणाचे ऐकावे? आणि या बांधणीची जी ख्याती आहे ती नेमकी कशामुळे, हेही जाणून घेण्याची इच्छा आहे.

डाखकाम

दोन्ही सल्ले जसेच्या तसे मानू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. पीटर वॉकर यांच्या हंटिंग्डन येथील कंपनीने क्वाड टू १९५३ मध्ये बाजारात आणला. त्याचे सारे मोठेपण आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा ट्रान्सफॉर्मर) आणि त्याच्याभोवती रचलेल्या सर्किटमध्ये आहे. या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांचा एक भाग केटी ६६ या आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडमध्ये जोडलेला असतो आणि त्यातून आउटपुट टप्प्यालाच निगेटिव्ह फीडबॅक मिळतो, म्हणजे आउटपुटचा काही भाग उलट दिशेने परत येऊन विकृती (डिस्टॉर्शन) कमी करतो. सर्वसाधारण ट्रान्सफॉर्मर तेथे चालत नाही, म्हणून मूळचा ट्रान्सफॉर्मर जपणे हा दुरुस्तीचा पहिला हेतू असला पाहिजे. छोटे रेझिस्टर आणि कपॅसिटर मात्र त्या काळच्या रेडिओत असत तसलेच होते. ते अर्धशतकाहून अधिक टिकावेत, अशी अपेक्षा ते निवडणाऱ्यांनीही केली नसेल.

सर्वांत आधी ईएफ ८६ (सुरुवातीच्या टप्प्याचे छोटे व्हॉल्व्ह) आणि केटी ६६ यांच्यामधले ०.१ मायक्रोफॅरडचे कपलिंग कपॅसिटर बदला. ईएफ ८६ च्या ॲनोडवरील डीसी दाब (व्होल्टेज) केटी ६६ च्या ग्रिडपर्यंत (करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीपर्यंत) पोहोचू न देणे हे त्यांचे काम. त्यांतून थोडी जरी गळती झाली, तरी ग्रिडचा दाब धन बाजूला सरकतो, व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर करंट ओढतो, त्याची प्लेट (ॲनोड) लाल होते, आणि तो सगळा करंट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतून जातो. साध्या मल्टिमीटरवर हे कपॅसिटर निर्दोष दिसू शकतात, कारण मीटर काही व्होल्टवरच तपासणी करतो, तर गळती शेकडो व्होल्टवर उघडी पडते.

त्यानंतर दोन्ही केटी ६६ ना सामाईक असलेल्या १८० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरकडे वळा. त्यावर सुमारे २६ व्होल्ट असतात, म्हणजे त्याला सतत पावणेचार वॅटच्या आसपास उष्णता सोसावी लागते. शेजारचा मूळ बायपास कपॅसिटर २५ व्होल्टचाच असतो. येथे काटकसर झाली होती, हे मान्य करायला हवे. रेझिस्टर १८० ओहमचाच पण १० वॅटचा घ्यावा, कपॅसिटर ६३ व्होल्टचा घ्यावा आणि दोघांत थोडे अंतर ठेवावे.

जुनीतबकडी

जीझेड ३२ कृपया काढू नका. तो हळूहळू तापतो, त्यामुळे केटी ६६ तापत आल्यावरच हायटेन्शन (व्हॉल्व्हना लागणारा उच्च डीसी दाब) वाढते. डायोड लावल्यास क्षणात पूर्ण दाब येतो आणि तोही मूळपेक्षा जास्त. फिल्टर कपॅसिटर (रेक्टिफायरनंतरचा डीसी सपाट करणारे) बदलताना मूळ मूल्याच्या जवळपासच राहावे. एका कार्यशाळेत ‘सुधारलेली’ अशी एक जोडी मी उघडली होती: मूळच्या १६ मायक्रोफॅरडच्या जागी कितीतरी मोठे कपॅसिटर चिकटवलेले होते आणि प्रत्येक वेळी सुरू करताना पडणाऱ्या त्या भाराने रेक्टिफायरचा जीव गेला होता.

प्रथम वीज देताना करंट मर्यादेत राहावा म्हणून मालिकेत बल्ब जोडावा आणि आउटपुटला स्पीकर किंवा योग्य रेझिस्टर लावलेला असावा. भाराशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर चालवणे ट्रान्सफॉर्मरला घातक असते. व्हेरिअॅकने (दाब कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) दाब सावकाश वाढवण्याचा उपाय येथे फारसा उपयोगी नाही, कारण कमी दाबावर रेक्टिफायरचे हीटरच तापत नाही. वीज बंद केल्यानंतरही फिल्टर कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करून मगच आत हात घालावा.

श्रवणवेध

आपणा दोघांचा आभारी आहे. रेझिस्टरही सरसकट बदलावेत का?

डाखकाम

नाही. एक टोक सोडवून प्रत्येक रेझिस्टर मोजा. जुन्या कार्बन रेझिस्टरचे मूल्य बहुधा वरच्या बाजूला सरकते. येथे दोन ईएफ ८६ एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे सिग्नल तयार करतात; त्यांच्या ॲनोड रेझिस्टरमध्ये तफावत पडली की दोन केटी ६६ ना असमान सिग्नल जातो आणि विकृती वाढते. म्हणून हे दोन रेझिस्टर बदलायचे झाल्यास जोडीनेच बदलावेत. बाकीचे मर्यादेत असतील तर राहू द्यावेत.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे. हॅरॉल्ड लीक यांनी १९४५ मध्ये ‘पॉइंट वन’ ॲम्प्लिफायर आणला, तेव्हा ०.१ टक्का विकृतीचा दावा नावातच घातला होता. त्यांच्याच कंपनीचा लीक स्टिरिओ २० उघडून पाहिलात, तर टॅगबोर्डवर (डाख देण्यासाठी धातूची टोके असलेल्या पट्टीवर) ओळीने मांडलेले भाग आणि दोऱ्याने बांधलेल्या वायरी दिसतील. कोणताही भाग शेजाऱ्याला धक्का न लावता काढता येतो. माझ्या मते या बांधणीचा खरा गुण हाच आहे. काढलेले मूळ भाग खुणेसह पिशवीत जपून ठेवावेत आणि काम झाल्यावर दोन्ही ॲम्प्लिफायरमध्ये त्या कॅथोड रेझिस्टरवरील व्होल्ट मोजून येथे कळवावेत. आकडे २६ च्या जवळ आणि एकमेकांशी जुळणारे असतील, तर पुढील तपासणी सोपी होईल.